बिनस्टँडची सायकल

सुर्वेकाका बाजारातून आले की मी आधी त्यांच्या पाठीकडे बघते. आज काय शिजवायचं ते पाठीवर असतं. शर्यतवाले घालतात तसला घट्ट पिवळा शर्ट त्यांच्या अंगात असतो आणि त्याला मागे, कमरेच्या वर, तीन खिसे असतात. डाव्या खिशात लिंबं-मिरच्या, उजव्या खिशात दह्याची पिशवी आणि मधल्या खिशात कोथिंबिरीची जुडी. जुडी पुरती मावत नाही, त्यामुळे काकांच्या पाठीतूनच उगवल्यासारखी वर डोलत असते. काका दारात येतात, पाठ फिरवून उभे राहतात आणि म्हणतात, "ताई, माल उतरवा."

पहिल्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. परक्या माणसाच्या पाठीतून भाजी कशी काढायची? आता फोडणी तडतडत असताना मी एका हाताने कोथिंबीर ओढून घेते.

काका कोपरला राहतात, स्टेशनच्या पश्चिमेला, तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही. मी त्यांच्याकडे सकाळी चपात्या-भाजी करते. पहिलं वर्ष काकी होत्या. मला उकडीचे मोदक काकींनीच शिकवले. त्या गेल्या त्याला चार वर्षं झाली. मुलगा नितीन ठाण्याला माजिवड्याला राहतो, बायको-मुलीसह. घरात काका आणि ती सायकल, एवढीच माणसं.

सायकलीला माणूस म्हटलं ते उगाच नाही. काकांच्या हॉलमध्ये जिथे दुसऱ्यांकडे टीव्ही असतो तिथे ती भिंतीला टेकून असते, खाली चादर घातलेली. ती खरोखरची शर्यतीची सायकल आहे. चाक माझ्या अंगठ्याएवढं रुंद. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. सीट एवढीशी आणि इतकी कडक की तिच्यावर एक चपाती लाटायचं म्हटलं तरी लाटता येईल. कॅरियर नाही, मडगार्ड नाही, घंटी नाही, कुलूप नाही, स्टँड नाही. काका म्हणतात, "एका बोटावर उचलून बघा." मी उचलून बघितली. खरंच उचलली जाते. पण सायकल बोटावर कशाला उचलायची, ते मला कळलं नाही.

काका औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर होते. सगळी नोकरी त्यांनी काळ्या सायकलवर केली. पुढे दांड्यावर छोटी सीट, तिच्यावर लहान नितीन. मागे कॅरियरवर काकी. हँडलला पिशव्या. गावाहून तांदूळ आला तर तोही स्टेशनवरून कॅरियरवरच. कधीतरी कामावर जाताना त्यांनी रस्त्याने सायकलींची शर्यत जाताना बघितली. "ताई, आवाजच नाही हो! नुसती हवा कापल्यासारखी सर्रकन गेली पोरं. आणि मी उभा, कॅरियरवर गव्हाचं पोतं घेऊन." तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं. रिटायर झाल्यावर कल्याणच्या एका शर्यत सोडलेल्या मुलाकडून ही जुनी सायकल आणली. घ्यायच्या आधी विचारलं तेव्हा सायकलचा दुकानदार म्हणत होता, काका, रोजच्या रस्त्याला ही नको, जरा जाड चाकाची घ्या, कॅरियर लावून देतो. काका म्हणाले, "आयुष्यभर ओझं वाहिलंय. आता नाही वाहणार."

तेव्हापासून त्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे. "वजन हा शत्रू." हे ते सायकलीबद्दल बोलतात, पण त्याचा त्रास भाजीवाल्यांना होतो. मेथी घेतली की मुळं तिथेच तोडायची. फ्लॉवरचा दांडा तिथेच कापायचा. कोथिंबीर झटकून पाणी काढायचं, कारण पाण्याला वजन असतं. मटाराच्या दिवसांत तर ते शेंगा आणतच नाहीत. बाजारात बेबीबाई म्हणून आहे, कोपऱ्यावर बसते. तिच्याजवळ गोणपाटावर बसून काका मटार सोलतात आणि फक्त दाणे खिशात घालून आणतात.

"टरफलं कशाला वाहायची?" ते मला विचारतात.

त्यांच्या बुटांना नाडीसुद्धा नाही. चिकटपट्टी आहे. नाडीला वजन असतं म्हणे. तळाला मात्र एक लोखंडी खटका आहे, तो पॅडलमध्ये अडकतो. सायकलवरून उतरताना पाय तिरका करून खटका सोडवायचा असतो. हे काकांना चालू सायकलवर नेहमी आठवतं, थांबल्यावर कधीकधी आठवत नाही. मग सिग्नलला सगळे उभे असताना काका सायकलीसकट हळूहळू एका बाजूला कलत जातात आणि केळ तोडल्यासारखे आडवे होतात. रिक्षावाले उतरून त्यांना उभं करतात. काका आडवे पडल्या पडल्या आधी विचारतात, "सायकल बघा, सायकल ठीक आहे ना?"

आणि स्टँड नसल्यामुळे त्यांचं दुसरं वाक्य आहे. "जरा धरता का?" दुकानात शिरायचं असलं की रस्त्यावर जो भेटेल त्याला ते हे विचारतात. कोपर पश्चिमेत ती सायकल धरली नाही असा माणूस सापडणं कठीण आहे. मीही धरली आहे. एकदा एका लग्नाच्या वरातीतल्या नवरदेवाच्या मामाने धरली होती. वरात पुढे गेली आणि मामा फेटा बांधून सायकल धरून मेडिकलच्या दारात.

यावर सगळ्यात जास्त वाद घालतात ते पाटकर. ते सोसायटीचे सेक्रेटरी, तळमजल्यावर राहतात आणि स्कूटर चालवतात. त्यांच्या स्कूटरला पुढे पिशव्या अडकवायचा हूक आहे आणि तो हूक ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

"सुर्वे, शर्यतीची गाडी शर्यतीत चालवायची. हा डोंबिवलीचा रस्ता आहे. खड्डा, पेवर ब्लॉक, स्पीड ब्रेकर, परत खड्डा. इथे रणगाडा पाहिजे, आणि तुम्ही सुई घेऊन फिरता."

"पाटकर, तुमची स्कूटर ट्रॅफिकमध्ये उभी असते तेव्हा मी बाजूने निघून जातो."

"जाता हो, पण आणता काय? सहा लिंबं!"

"ताजी आणतो."

"आणि नारळ? नारळ आणून दाखवा."

दुसऱ्या दिवशी काकांनी नारळ आणला. सोलून, फोडून, पाणी तिथेच पिऊन, दोन वाट्या दोन खिशांत. पाटकरांनी कपाळाला हात लावला.

असं सगळं मजेत चाललं होतं, आणि एका सकाळी काका पडले. सिग्नलला नाही, खरे पडले. बाजाराच्या रस्त्यावर गटाराला लोखंडी जाळी आहे, तिच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने उभ्या होत्या. स्कूटरचं चाक वरून जातं, काकांचं अंगठ्याएवढं चाक दोन पट्ट्यांच्या मधोमध उतरलं. सायकल जागच्या जागी थांबली. काका थांबले नाहीत. मागच्या खिशात टोमॅटो होते, पिकलेले. पाठीवर पडल्यामुळे ते सगळे फुटले. पिवळा शर्ट लालभडक. बाजारात एकच ओरडा झाला, काकांची पाठ फुटली म्हणून. कुणीतरी नितीनला फोन केला, "तुमच्या बाबांचं काही खरं नाही, लवकर या." नितीन ऑफिस सोडून धावत आला तेव्हा काका मनगटाला पट्टी बांधून घरी बसले होते आणि मी शर्टावरून टोमॅटोच्या बिया धूत होते.

नितीन रागावला नाही. तो खाली बसला आणि पाणी प्याला.

"बाबा, बस झालं. ही सायकल मी विकून टाकतो. तुम्हाला सगळं घरपोच येईल, मी इथून नाही तर तिथून ऑर्डर देत जाईन. बाजारात जायची गरजच काय?"

काका एकदम गप्प झाले. मी त्यांना तसं गप्प कधी बघितलं नव्हतं. काकी गेल्या तेव्हासुद्धा ते येणाऱ्या प्रत्येकाला चहा घेणार का विचारत होते.

मग म्हणाले, "एक आठवडा दे. घरातलं सगळं काम या सायकलवर करून दाखवतो. काही बिघडलं तर घेऊन जा."

"आणि बिघडलं की नाही ते कोण सांगणार? तुम्ही? तुम्ही हात मोडला तरी मजेत आहे म्हणाल."

"सुनंदाताई सांगतील. त्या पंच."

माझ्या हातातून शर्ट पडला. मी म्हटलं, "मला नाही जमायचं." काका म्हणाले, "बघ, त्या बोलतच नाहीत. म्हणजे खोटं बोलायचा प्रश्नच येत नाही." आणि त्यांनी मला एक शंभर पानी वही आणून दिली, रोज काय आणलं आणि कसं आणलं ते लिहायला. माझी शाळा चौथीत सुटली. तेव्हापासून मी सहीशिवाय काही लिहिलं नव्हतं. चार माणसांत बोलायचं झालं तर मला शब्द सुचत नाहीत. पण वहीत लिहिताना कुणी आपल्याकडे बघत नाही, हे मला त्या आठवड्यात कळलं.

सोमवारी पहिलं काम काकांनी केलं ते गटाराच्या जाळीचं. जाळी चौकोनी होती. त्यांनी सफाईवाल्या दोघांना चहा पाजला, पहार घातली आणि जाळी उचलून आडवी फिरवून बसवली. आता पट्ट्या रस्त्याला आडव्या आल्या. बेबीबाई सायकल धरून उभी होती. काका तिथून तीनदा सायकल काढून दाखवत होते आणि बाजार टाळ्या वाजवत होता. पलीकडे एका आजींची चाकाची खुर्ची त्यांचा नातू रोज उचलून जाळी पार करायचा. त्या दिवशी ती सरळ वरून गेली. पाटकर म्हणाले, "सायकल सुधारायची सोडून हे गाव सुधारतायत."

मंगळवारी गहू. दळणाच्या दोन पिशव्या दोन खिशांत, काका घरी आले ते पाठीवर पांढरे. बुधवारी ओले बोंबील. खालची दोन मांजरं सायकलीमागे तिसऱ्या मजल्यापर्यंत चढली. पाटकर जिन्यात नाकाला रुमाल लावून उभे. "सुर्वे, ही शर्यतीची सायकल की कोळणीची पाटी?"

मी सगळं खरं लिहीत होते. आणि खरं लिहिलं तर काका हरणार हे मला दिसत होतं. कारण सामान नीट येत होतं, पण वेळ फार लागत होता. बाजार घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे. काका एवढ्या वेगवान सायकलवर जाऊन दीड तासाने येत. तेही दिवसातून चार वेळा, कारण खिसे तीनच. नितीनने फोनवर विचारलं तर मी काय सांगणार होते?

म्हणून गुरुवारी मी त्यांच्या मागे गेले. पंचाला जावं लागतं.

काका बेबीबाईकडे थांबले. "जरा धरता का?" म्हणायच्या आधीच तिने हात पुढे केला होता. काका गोणपाटावर बसून मटार सोलू लागले. बेबीबाई म्हणाली, "काका, आपलेच सोलता व्हय? माझ्या घरचे पण सोला की." काकांनी तिचेही सोलले. तिची सून बाळंत व्हायची होती, तिला कुठल्या दवाखान्यात नेणार, कोण राहणार, सगळं बोलणं झालं. मग पिठाची गिरणी. गिरणीवाल्याने सायकल धरली आणि हँडल पांढरं झालं. काका गिरणीच्या आवाजात ओरडून बोलत होते आणि तो ओरडून उत्तर देत होता, दोघांनाही ऐकू येत नव्हतं आणि दोघं हसत होते. मग मेडिकल. मग शिंपी. शिंप्याकडे तर काकांचं काहीच काम नव्हतं. तरी शिंप्याने मशीन थांबवून सायकल धरली आणि काका त्याच्या स्टुलावर बसून पाणी प्याले.

मी कोपऱ्यावर उभी राहून बघत होते. वहीत काय लिहायचं ते सुचेना. शेवटी लिहिलं, "मटार आणला. दीड तास."

शुक्रवारी नितीन आला आणि त्याने वही वाचली. "बाबा, दीड तास? पाव किलो मटाराला?" काका म्हणाले, "सोललेला होता." नितीन हसला, पण लगेच गंभीर झाला. "हे बघा. बाजार जवळ आहे, त्यातून काही कळत नाही. रविवारी आमच्याकडे जेवायला या. सायकलवर. आणि ताईंच्या हातचे उकडीचे मोदक आणा, आईसारखे. एकवीस. एकही फुटला नाही तर सायकल तुमची, मी परत नाव काढणार नाही. एक जरी फुटला तरी मी घेऊन जाणार."

कोपर ते माजिवडा! तेही उकडीचे मोदक. ज्यांनी केले आहेत त्यांना माहीत आहे, मोदक नुसता ताटातून ताटात ठेवताना उकलतो. मी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "ठरलं."

मोदकपात्र माळ्यावर होतं. शनिवारी मी स्टुलावर चढून ते काढलं. त्याच्या मागे एक पुडकं होतं. चिकटपट्टी तशीच, न फोडलेलं. वर नितीनच्या अक्षरात लिहिलं होतं, "बाबांना, वाढदिवसाला." आत काय आहे ते पुडक्यावर चित्रच होतं. सायकलीचं स्टँड. मी ते हातात घेऊन बघितलं. कोथिंबिरीच्या जुडीपेक्षा जड नव्हतं.

मी ते होतं तिथे ठेवलं आणि खाली उतरले. काकांनी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

रविवारी पहाटे उठून मी उकड काढली. पारी जरा जाड ठेवली असती तर मोदक दगडासारखे टिकले असते. एकदा मनात आलंही. पण पंचाने लबाडी कशी करायची? काकींनी शिकवली तशीच पातळ पारी लाटली, बारीक कळ्या घातल्या. डब्यात खाली हळदीची पानं, मग मोदक, मध्ये ओला पंचा, वर परत पानं, असं एकमेकांना टेकवून बसवले. डबा काकांच्या पाठीला माझ्या जुन्या सुती साडीच्या पट्टीने बांधला, बाळ बांधतात तसा. काका हेल्मेट घालून म्हणाले, "वजन हा शत्रू, पण याला माफ."

पंच म्हणून मला रिक्षाने मागे जायचं होतं. पाटकर मला म्हणाले, "ताई, एकट्या कशा जाल," आणि स्वतःच आत बसले. त्यांना काकांना पडताना बघायचं होतं. बेबीबाईने बाजार सोडून येऊन काकांच्या खिशात एक लिंबू घातलं, नजर लागू नये म्हणून. "वजन!" काका ओरडले. "गप बसा," ती म्हणाली.

काका निघाले. मोठागावच्या खाडीपुलाकडे रस्ता वळतो तिथपर्यंत ते आमच्या पुढेच दिसत होते. पुढे नवीन, गुळगुळीत पूल आला आणि काकांनी मान खाली घातली. मी त्यांना तोपर्यंत बाजारातच बघितलं होतं. पुलावर मी पहिल्यांदा बघितलं की ती सायकल कशासाठी केलेली आहे. आवाजच नाही. पाय फिरताना दिसेनात. पिवळा शर्ट लहान लहान होत गेला आणि पाठीवर माझ्या साडीची पट्टी. सहासष्ट वर्षांचा माणूस! पाटकरांच्या तोंडून निघालं, "अरे बापरे." मी रिक्षात एकटीच टाळ्या वाजवल्या, मग लाज वाटून हात पदरात घेतले.

तेवढ्यात रिक्षावाला म्हणाला, "गॅस संपलाय, मागे फिरून भरून घेतो." गॅसच्या पंपावर ही मोठी रांग. पाटकर त्याच्यावर चिडले, तो पाटकरांवर चिडला. अर्ध्या तासाने परत पुलावर आलो, माणकोलीला पोहोचलो तर हायवेवर कंटेनर एकाला एक चिकटून उभे. खारेगावपर्यंत मुंगीच्या चालीने. पाटकर घामाने निथळत होते. एक सायकलवाला आमच्या बाजूने शांतपणे निघून गेला. पाटकरांनी तोंड फिरवलं.

आम्ही नितीनच्या घरी पोहोचलो तेव्हा काका आंघोळ करून, केस विंचरून, सोफ्यावर बसले होते. बाजूला सायकल भिंतीला टेकलेली. वॉचमनने ती लिफ्टमध्ये नेऊ दिली नाही, म्हणून खांद्यावर घालून चौथ्या मजल्यावर आणली होती.

"या पाटकर," काका म्हणाले. "प्रवास कसा झाला? हूक आणलाय ना?"

पाटकरांनी रुमालाने मान पुसली.

डबा टेबलावर होता, साडीच्या पट्टीने परत गच्च गाठ मारून बांधलेला. काका म्हणाले, "पंच आल्याशिवाय इथे कुणी उघडायचा नाही." सगळे उभे राहिले. मी गाठ सोडली, झाकण काढलं, पान उचललं.

मोदक होते तसे होते. एकेक कळी जागेवर. मी पंचा उचलला, खालचेही तसेच. नितीनची मुलगी नाचायला लागली. नितीन वाकून एकेक मोदक ताटात घेत होता. शेवटचा घेतला आणि थांबला.

"बाबा, वीस आहेत."

पाटकर ताडकन पुढे आले. "बघा! फुटला असणार, म्हणून वाटेत खाल्ला! सुर्वे, हे खेळात बसत नाही."

"फुटला नाही," काका म्हणाले. "दिला."

"कुणाला?"

"पुलावर. एक जण खाडीत गळ टाकून बसला होता. त्याने सायकल धरली. धरणाऱ्याला तसंच कसं सोडायचं?"

नितीन म्हणाला, "पंक्चर झालेली?"

"नाही."

"मग सायकल धरायला कशाला दिली?"

काकांनी हेल्मेट उचललं, परत ठेवलं. "असंच. त्याने सायकल धरली, मी त्याचा गळ धरला. मुरबाडकडचा आहे. मुलगी बारावीला आहे त्याची."

"कशावरून?" पाटकर म्हणाले. "कोण साक्षीदार आहे? मोदक मोजून एकवीस ठरले होते. नितीन, नियम म्हणजे नियम."

नितीन सायकलीकडे बघत होता. मग त्याने माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. काकांनीसुद्धा, आणि त्यांचं तोंड त्या दिवशीसारखं झालं होतं, टोमॅटोच्या दिवशीसारखं.

चार माणसांत बोलायचं होतं. पण बोलले.

"काका खोटं बोलत नाहीत. मी बघितलंय. ते रोज असंच करतात. बेबीबाई धरते, गिरणीवाला धरतो, शिंपी धरतो. दीड तास त्यातच जातो. मी वहीत लिहिलं नाही, ते माझं चुकलं."

नितीन म्हणाला, "पण मी स्टँड दिलेलं ना बाबांना? दोन वर्षांपूर्वी?"

"ते माळ्यावर आहे. मोदकपात्राच्या मागे. फोडलेलं नाही."

"का?"

काका खिडकीबाहेर बघू लागले. मी एवढं बोलेन असं मलाही वाटलं नव्हतं. पण पंचाला विचारलं होतं.

"स्टँड बोलत नाही," मी म्हटलं.

नितीनने ताटातला एक मोदक उचलला आणि तसाच हातात धरून उभा राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "ताई, निकाल सांगा. रोजच्या रस्त्याला ही सायकल चालते की नाही?"

"बाजाराच्या कामाला नाही चालत," मी म्हटलं. पाटकर मान हलवू लागले. "पण काकांना चालते. आणि मोदक एकही फुटला नाही. सायकल काकांची."

मुलगी ओरडली. काका उठले आणि त्यांनी पाटकरांच्या हातात मोदक ठेवला. पाटकरांनी तो खाल्ला, दुसरा मागितला, आणि म्हणाले, "फिनिश चांगलंय. सुर्वे, पुलावर तुम्ही जे काय पळवलीत ना, मी पंपावरच्या प्रत्येकाला सांगितलं, तो आमच्या बिल्डिंगचा आहे." मी ते ऐकलं होतं. त्यांनी खरंच सांगितलं होतं.

उन्हं उतरल्यावर आम्ही निघालो. आमची रिक्षा उभी होती. काका सायकल खांद्यावर घेऊन चार मजले खाली आले, मागे नितीन. फाटकापाशी काकांनी सायकल उतरवली आणि आजूबाजूला बघितलं. वॉचमन पुढे आला होता. त्याच्या आधी नितीनने हँडल धरलं.

"द्या, मी धरतो."

"धर जरा," काका म्हणाले. "बुटाची नाडी सुटलीय."

आणि ते फुटपाथच्या कडेला बसले. नितीन सायकल धरून उभा होता आणि काहीतरी सांगत होता, काका मान वर करून ऐकत होते, मध्येच हसत होते. पाटकर म्हणाले, "ताई, चला, यांना वेळ लागेल." रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत मी मागे बघत होते. काका अजून नाडीच बांधत होते.

त्या बुटांना नाडी नाही.